चार किलो गॅस असलेला ‘रिकामा’ सिलिंडर

हे गॅसगळतीचं प्रकरण सोलापुरातल्या एका टॉवेल युनिटमधलं आहे. युनिटचं नाव आणि माणसांची नावं देत नाही, त्याने काही अडत नाही. मी तिथलं सेफ्टीचं काम बघतो. एका पोराची तीन बोटं आठवडाभर पट्टीत राहिली आणि न्हावाशेवाला जायचा कंटेनर एक दिवस उशिरा निघाला, कागदावर नुकसान एवढंच. तरी सगळं लिहून ठेवतोय, कारण त्या दिवशी ठिणगी पडली नाही यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जण गेले. तेव्हापासून या गावात टॉवेलचं गोदाम आणि आग हे शब्द एका वाक्यात आले की बोलणारा जरा थांबतो.

जागा कशी होती ते आधी

तयार मालाचं गोदाम, वर पत्रा, दोन मोठी शटरं. एका बाजूला गाठी बांधायचा हायड्रॉलिक प्रेस, त्याच्या मोटरीची केबल जमिनीतल्या ट्रेंचमधून, म्हणजे खोल चरातून गेलेली, वर चेकर प्लेटचं लोखंडी झाकण. प्रेसपासून दहा-बारा फुटांवर बायका खाली बसून टॉवेलचे लोंबते धागे कापतात आणि घड्या घालतात. हवेत कायम रुई. सकाळी झाडलं तरी दुपारी प्रत्येक कोपऱ्यात पांढरा थर बसलेला असतोच.

फोर्कलिफ्ट दोन, दोन्ही एलपीजीवर. अमेरिकेत या गाड्यांना सहसा ‘प्रोपेन फोर्कलिफ्ट’ म्हणतात. आपल्याकडे त्यात जातो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. धोका तोच. डिझेलच्या धुराने पांढरे टॉवेल काळवंडतात म्हणून मालकांनी या गाड्या घेतल्या होत्या, आणि तेवढ्यापुरता निर्णय बरोबरच होता. (बंद गोदामात एलपीजीची गाडीसुद्धा कार्बन मोनॉक्साइड सोडते, शटरं उघडी ठेवावीच लागतात. तो वेगळा विषय.)

या गाडीत पंपावरच्यासारखं इंधन ‘भरायचं’ नसतं. रिकामा सिलिंडर काढायचा, भरलेला चढवायचा. ऐकायला घरच्या गॅससारखंच वाटतं, आणि आमची पहिली चूक नेमकी तिथेच होती. गोदामातला प्रत्येक जण घरी सिलिंडर बदलतो, त्यामुळे हे काम शिकवायचं असतं असं कुणाला वाटलंच नव्हतं. मलाही नाही.

त्या दिवशी काय झालं

जानेवारीचा मध्य, सिद्धेश्वरांची यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला अर्धा कारखाना रजेवर. नेहमीचा ऑपरेटर मानकऱ्यांच्या घरातला, तो येणं शक्यच नव्हतं. बदलीला आलेला पोरगा तेवीस वर्षांचा, हाताला चपळ, पण आधी दोन वर्षं डिझेलची गाडी चालवलेला.

पावणेअकराच्या सुमाराला दोन नंबरची गाडी लोड घेतला की दम तोडायला लागली. रिकामी नीट चालायची, गाठ उचलली की घरघर करून बंद पडायची. पोराने अंदाज बांधला की गॅस संपला. गाडी होती तिथेच, म्हणजे प्रेसच्या शेजारी उभी केली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि हातगाडीवरून भरलेला सिलिंडर तिथेच आणला. बाहेर न्यायला हवी होती हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. बाहेर नेऊन बदलायची पद्धतच आमच्याकडे नव्हती.

त्याने सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायला अर्धवटच पीळ दिला आणि कपलिंग, म्हणजे सिलिंडर आणि गाडीचा पाइप जोडणारा भाग, फिरवून काढलं. ‘फस्’ असा आवाज आला आणि थांबला. नंतर हलकी शिट्टी राहिली, ती प्रेसच्या आवाजात त्याला ऐकू आली नाही. पट्टा सोडून त्याने सिलिंडर उचलला आणि जमिनीवर उभा केला.

उभा करताच तोंडातून पांढरा फवारा आला. पोराने दचकून तो हाताने दाबायचा प्रयत्न केला. हातात होजिअरीचे विणलेले मोजे होते, बोरामणी नाक्यावर डझनाने मिळतात तसले.

वास पहिल्यांदा आला तो त्याला नाही. सुपरवायझरला नाही, प्रेसवाल्यालाही नाही. खाली पाटावर बसून धागे कापणाऱ्या मावशींना आला. एलपीजीचा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, तो पाण्यासारखा जमिनीवरून पसरतो. उभ्या माणसाचं नाक साडेचार-पाच फुटांवर, मावशींचं दोन फुटांवर. “गॅस आलाय गॅस, उठा गं!” म्हणून त्या ओरडल्या आणि बायका उठून शटरकडे पळाल्या. त्या ओरडल्या नसत्या तर पुढचं काय लिहिलं असतं मला माहीत नाही.

मग एक चूक होता होता राहिली. प्रेसवाला मदतीच्या भरात स्टार्टरकडे धावला, मोटर बंद करायला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण स्टार्टरचे कॉन्टॅक्ट सुटतात तेव्हा आतल्या आत ठिणगी होते आणि तो स्टार्टर ट्रेंचच्या अगदी तोंडाशी आहे. आमच्या इलेक्ट्रिशियनने त्याचा दंड धरून मागे ओढलं: “काय बे, हात लावू नको कशाला! बाहेरून मेन पाडतो मी.” बाहेरच्या पॅनेलवरून सप्लाय तोडला. प्रेस तोपर्यंत चालूच होता, म्हणजे धोका आधीपासून होताच. तरी चालू असलेली मोटर आणि उघडणारा कॉन्टॅक्ट यात फरक आहे, आणि तो इलेक्ट्रिशियनच्या हाताला माहीत होता.

व्हॉल्व्ह शेवटी बंद केला अण्णांनी. अण्णा आमचे फिटर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. वेल्डिंगचे चामड्याचे मोजे चढवून, बाजूने वाकून, चेहरा लांब ठेवून त्यांनी पीळ पूर्ण दिला. शिट्टी थांबली. दोन्ही शटरं पूर्ण उघडली, पंखे मुद्दाम लावले नाहीत, सगळ्यांना गेटजवळ नेलं, १०१ ला फोन केला. अग्निशमन दलाच्या जवानांनी गॅस ओळखणारा मीटर घेऊन आधी ट्रेंचच्या प्लेटा काढायला लावल्या. जमिनीवर काही नव्हतं, ट्रेंचमध्ये मीटर ओरडला. आम्ही उघड्या शटराकडे बघून ‘निघून गेला गॅस’ म्हणत होतो आणि तो पायाखाली, केबलीच्या बाजूला बसून होता.

बोटांचं

पोराचा हात पांढरा पडला होता. द्रव एलपीजी उघड्या हवेत आला की झपाट्याने उकळतो. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस. उकळायला लागणारी उष्णता तो जवळच्या वस्तूतून ओढतो, इथे ती बोटांतून ओढली. विणलेल्या मोज्याने बचाव न करता उलट द्रव धरून ठेवला, आणि मोजा कातडीला चिकटला.

एकाने मोजा ओढून काढायला घेतला, दुसरा हात चोळायला लागला, तिसरा चहाच्या शेगडीवरचं कढत पाणी आणायला पळाला. तिन्ही चूक. कोमट पाणी, साधारण अंगाच्या उष्णतेएवढं, त्यात हात मोज्यासकट बुडवून ठेवायचा. मोजा आपोआप सुटेल तेव्हा सुटेल. चोळायचं नाही, फोड फोडायचे नाहीत, आणि तिथून सरळ डॉक्टर. हे तेव्हा कॅन्टीनवाल्या बाईंना माहीत होतं, मला आठवत नव्हतं. कबूल करतो.

‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’

संध्याकाळी सुपरवायझरने अर्ध्या पानाचा रिपोर्ट दिला. कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: समज देण्यात आली. असल्या रिपोर्टांनी आमच्या कपाटातल्या दोन फायली भरलेल्या आहेत. तो मी परत केला आणि अण्णांना घेऊन त्या सिलिंडरपाशी बसलो.

पहिलं काम म्हणून सिलिंडर काट्यावर ठेवला. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच ठोकलेलं असतं, तिथे १९.२ किलो होतं. काटा दाखवत होता २३.४. म्हणजे एवढी गळती होऊनही ४.२ किलो एलपीजी आत होता. सिलिंडर रिकामा नव्हताच!

मग गाडी बंद का पडत होती? फोर्कलिफ्टचा सिलिंडर घरच्यापेक्षा वेगळा. घरचा उभा असतो, वरच्या मोकळ्या जागेतला वायू रेग्युलेटरमधून शेगडीला जातो. फोर्कलिफ्टच्या इंजिनाला तेवढा वायू पुरत नाही, म्हणून तिथे द्रवच बाहेर घेतात. तो व्हेपोरायझरमध्ये जातो आणि इंजिनाच्या गरम पाण्यावर त्याचा वायू होतो. द्रव ओढायला सिलिंडरच्या आत एक नळी असते आणि तिचं टोक एका अंगाला वळवलेलं असतं. सिलिंडर गाडीवर आडवा झोपतो तेव्हा ते टोक खाली, द्रवात असायला हवं, आणि दाब फार वाढला की आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह वर, वायूच्या बाजूला. ही दिशा चुकू नये म्हणून गाडीच्या ब्रॅकेटवर एक पिन असते, ती सिलिंडरच्या कॉलरमधल्या, म्हणजे व्हॉल्व्हभोवतीच्या लोखंडी कड्यातल्या भोकात बसवायची. बसली की सिलिंडर फिरत नाही.

आदल्या रात्रीच्या पाळीने तो सिलिंडर पिनवर न बसवता नुसता पट्ट्याने आवळला होता. गाडी गचके खात चालली तसा तो फिरला. नळीचं टोक वर वायूत आलं, इंजिनाला द्रवाऐवजी नुसता वायू मिळायला लागला. रिकाम्या चालीला तेवढा पुरतो, लोडला पुरत नाही. पोराला ते ‘संपल्यासारखं’ वाटलं यात त्याचा काय दोष? आणि सिलिंडर उभा केल्यावर फवारा का उडाला तेही यातच आलं. ती नळी तळापर्यंत जाते. आडव्यात वायूत असलेलं टोक उभ्यात पुन्हा द्रवात बुडालं.

हे समजल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हसुद्धा रात्रभर खाली तोंड करून होता की हो.” होता. तो उडाला असता तर वायू न येता द्रव आला असता. एप्रिलमध्ये, त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत, गाडी उन्हात उभी असताना असं झालं असतं तर… सिलिंडर साधारण ऐंशी टक्केच भरतात ते द्रवाला फुगायला जागा राहावी म्हणून, पण ऊन आणि कललेला व्हॉल्व्ह एकत्र आले की तेवढ्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न. कपलिंगच्या दोन्ही अर्ध्या भागांत झडप असते, वेगळं केलं की आपोआप मिटते. मग गळालं का? अण्णांनी बॅटरी मारून आत बघितलं आणि चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढा रुईचा बोळा काढला, तेलाने काळा पडलेला. तोच झडपेच्या बैठकीत अडकला होता. रबरी रिंगही चपटी होऊन एका बाजूला चिरलेली होती. किंमत विचारू नका, चहापेक्षा कमी. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असता तर बोळ्याने काही बिघडलं नसतं, आणि बोळा नसता तर अर्धवट व्हॉल्व्ह कदाचित खपून गेला असता. महिनोन्‌महिने खपून जातच होता.

सिलिंडरला एक्सेस फ्लो व्हॉल्व्ह असतो, तो का नाही लागला, असं मालकांनी विचारलं. तो पाइप तुटल्यासारखा मोठा लोंढा आला तरच मिटतो, बारीक गळतीला नाही. उलट रोजच्या कामात तो वेगळाच ताप देतो. नवा सिलिंडर लावून व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की द्रवाचा धक्का बसून तो मिटतो, गाडी सुरू होत नाही आणि ऑपरेटर म्हणतो सिलिंडर खराब आला. व्हॉल्व्ह बंद करून जरा थांबायचं आणि हळू उघडायचा, एवढंच करायचं असतं.

४.२ किलोचा हिशोब मी मालकांपुढे कागदावर मांडला, कारण ‘एवढासा गॅस’ हे वाक्य दोनदा ऐकलं होतं. तेवढ्याचा वायू होतो साधारण दोन घनमीटर. एलपीजी हवेत दोन टक्के झाला की पेटू शकतो, म्हणजे दोन घनमीटर वायूने शंभर घनमीटर हवा पेटती होऊ शकते. वीस फूट बाय अठरा फुटांची, दहा फूट उंच खोली. मालक उठून प्रेसजवळ गेले आणि पावलांनी तेवढी जागा मोजून आले.

आता कसं बदलतो

गोदामाच्या मागे, शटरपासून लांब, कडुलिंबाच्या पलीकडे उघडी फरशी आहे. जवळ गटार नाही, ट्रेंच नाही. हे दोन्ही मुद्दाम बघितलं. तिथे पिवळा चौकोन मारला. सिलिंडर फक्त त्या चौकोनात बदलायचा. गाडी बंद पडली तर दुसऱ्या गाडीने ओढून आणायची, जागेवर बदलायचा नाही. या एका नियमावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली आणि याच्यावरच मी हटलो नाही.

फोर्कलिफ्टचे काटे खाली, हँडब्रेक. मग इंजिन चालू ठेवूनच सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. पाइपमधला उरलेला द्रव इंजिन पिऊन टाकतं आणि आपोआप बंद पडतं, त्यानंतर किल्ली. डिझेलवाला आधी किल्ली फिरवतो, ती सवय मोडायला महिना गेला. मीटरभर पाइपमध्ये उरणारा द्रव जेमतेम अर्धी वाटी, पण त्याचा दहा-बारा लिटर वायू होतो आणि कपलिंग काढताना तो थेट तोंडासमोर येतो. हे चहाच्या पेल्यात पाणी ओतून दाखवल्यावर लोकांना पटलं. भिंतीवरच्या इंग्रजी पोस्टरने दोन वर्षांत पटलं नव्हतं.

मोजे द्रव शोषून न घेणारे, थंडीसाठीचे, मनगटाच्या वर जाणारे. होजिअरीचे मोजे त्या चौकोनात दिसले की मी काढून घेतो. कपलिंग हाताने फिरवायचं, पाना लावायचा नाही. हाताने बसत नसेल तर आटे चुकलेत किंवा आत घाण आहे. रिंग दर वेळी बघायची. अण्णांनी नव्या रिंगा चुन्याच्या जुन्या डबीत घालून डबी चौकोनाशेजारच्या खांबाला तारेने बांधली आहे. मी स्टोअरमधून छान प्लॅस्टिकची पेटी मागवली होती, ती आठवड्यात गायब झाली. चुन्याची डबी आहे तिथेच आहे. कपलिंगच्या उघड्या तोंडांना टोप्या केल्या, रुई जाऊ नये म्हणून.

सिलिंडर दोघांनी उचलायचा. भरलेला चाळीस किलोच्या आसपास भरतो, आणि एकट्याने छातीशी धरून चढवताना पिन कुठे आहे ते दिसतच नाही. रात्रपाळीत पिन का चुकायची, याचं खरं कारण मला हेच वाटतं: रात्री माणूस एकच असायचा. पिन बसली की सिलिंडर हाताने फिरवून बघायचा, फिरता कामा नये. मग पट्टा. मग व्हॉल्व्ह हळू उघडून जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडा आला तर बंद. काडी लावून बघणारे महाभाग अजून आहेत म्हणून लिहितो: साबणाचं पाणीच.

साठ्याचंही जरा बघितलं. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय एका जागी १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवता येतो. १९ किलोचे पाच म्हणजे ९५. यात्रेच्या आठवड्यात गॅसची गाडी येणार नाही म्हणून कुणीतरी आठ आणून ठेवले होते, जिन्याखाली. आता बाहेर सावलीत जाळीचा पिंजरा आहे आणि त्यात पाच खाने आहेत, सहावा मावतच नाही. कॉलरच्या पट्टीवर चाचणीची मुदत असते, ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या आणि पुढे सालाचे दोन आकडे. मुदत उलटलेला सिलिंडर गेटवरूनच परत. एका सिलिंडरातून दुसऱ्यात ओतून घेण्याची ‘आयडिया’ एकाने सांगितली, ती बेकायदा आहे आणि ती ऐकूनच मला घाम फुटला होता.

वजनाची वही

हे मी कुठे वाचलेलं नाही, त्या २३.४ वरून सुचलं. काढलेला प्रत्येक सिलिंडर काट्यावर ठेवायचा आणि वजनातून ठोकलेलं वजन वजा करून वहीत लिहायचं. थोडाफार उरतोच. दीड किलोच्या वर उरला तर ती गाडी अण्णांनी बघितल्याशिवाय नवा सिलिंडर लावायचा नाही. सुरुवातीला वहीत सगळीकडे ‘०.५’ दिसायला लागलं, एकाच पेनाने, एकाच हाताने. मी काही बोललो नाही, फक्त काटा चौकोनाच्या आत आणून ठेवला. त्यानंतर आकडे खरे यायला लागले.

ही वही आता त्याच पोराकडे आहे. त्याला कामावरून काढायचं नाही असं मी म्हणालो, मालकांनी ऐकलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने फोन केला: “साहेब, दोन नंबरचा ३.१ उरलाय. पिन लावलेली व्हती, मी सोता बघितलोय.” अण्णांनी ब्रॅकेट तपासलं. पिन होती, पण बुडाशी झिजून वाकली होती, कॉलरच्या भोकातून अलगद निसटत होती. वेल्डर बोलावला. पोराने आधी सिलिंडर उतरवून पिंजऱ्यात ठेवला, गाडी ढकलत चौकोनाच्या पार पलीकडे नेली, आणि मगच वेल्डरला होल्डर हातात घेऊ दिला.